पुंजानानांचा रेसिड्यू

पुंजानानांनी स्वतःचे तीन फोटो काढले, एक समोरून, एक बाजूने आणि एक जीभ बाहेर काढून, आणि ते द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "महिनाभर उठवत नाही. जेवण नको वाटतं. यावर काय मारावं?"

दिंडोरीकडे हीच रीत आहे. पानावर डाग दिसला की पान खुडायचं, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. घटकाभरात चार जण चार औषधं सांगतात आणि पाचवा त्या चौघांना मूर्खात काढतो. नानांच्या फोटोलाही उत्तरं आली. कुणी म्हणालं झिंक कमी पडलंय, कुणी म्हणालं पाणी जास्त झालंय. एका शहाण्याने तर सरळ सगळ्या फांद्या खरडून कापायची खरड छाटणी सुचवली.

कुसाबाईंनी मोबाइल हिसकावून घेतला. नवरा काही वेल नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. वेल निदान सांगितलेलं ऐकते. खरं म्हणजे त्यांची काळजी त्याच्याही आधीपासूनची होती. दिवाळीत हाच माणूस रात्रंदिवस जागा होता. बागेच्या मधोमध धावपट्टी करायची आणि माल विमानाने थेट लंडनला धाडायचा, असा बेत त्यांनी पारावर मांडला होता. नुसता मांडून थांबले असते तर एक वेळ चाललं असतं, पण त्यांनी वेलींच्या दोन ओळी उपटूनही टाकल्या. गाव खूश. "नाना सध्या लय फार्मात हायेत," म्हणून लोक टाळ्या देत होते. माणूस रडला की त्याला दवाखान्यात न्यावं असं लोकांना सुचतं तरी. हसत सुटला तर त्याच्याकडे चहाला जातात.

मग धावपट्टी राहिली बाजूला आणि नाना भिंतीकडे तोंड करून जे झोपले ते महिनाभर. शेवटी कुसाबाईंनी आणि मुलगी उज्वलाने त्यांना धरून नाशिकला गंगापूर रोडवर डॉक्टर संजनाबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, दिवाळीची धावपट्टीसुद्धा. मग म्हणाल्या, "मनःस्थितीचे आजार एकाच जातीचे नसतात, नाना. काहींना आठवडेच्या आठवडे नुसतं खोल उदास वाटतं, ते नैराश्य. काहींची उदासी सौम्य असते, पण वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसते. काहींना मात्र उदासीही येते आणि उधाणही येतं. झोप नको, तोंड थांबत नाही, मोठाले बेत. त्याला बायपोलर म्हणतात. तुमचं तेच दिसतंय. याच चढउतारांचा एक हलका प्रकारही असतो."

महिनाभरात पहिल्यांदाच नानांनी मान वर केली. "म्हंजे डावणी, भुरी आन करपा," ते म्हणाले. "डाग समदे पानावरच, पर रोग येगळा आन औषध बी येगळं."

"असंच समजा हवं तर."

"आन ह्ये होतं कशानं?" कुसाबाईंनी विचारलं. त्यांना आपलाच स्वयंपाक कारणीभूत असेल अशी धास्ती होती.

"एका कारणावर बोट ठेवता येत नाही. घराण्यातून येऊ शकतं. मेंदूतल्या रसायनांचा तोल, झोपेची आबाळ, ताण, एखादा धक्का, कधी दुसरंच एखादं दुखणं. बहुतेकदा दोनतीन गोष्टी एकत्र येतात. तुमचा दोष नाही, त्यांचाही नाही."

"खुंट, खत आन हवामान," नाना पुटपुटले. ज्या मुळावर द्राक्षाचं कलम बांधतात तो खुंट. "खुंट आमच्या आज्याचा. त्यो बी इहिरीवर बसून एकटाच हसायचा."

मग डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी घ्यायच्या. आणि मधूनमधून रक्त तपासायचं, म्हणजे औषध अंगात किती आहे ते कळतं." या बोलण्यातली पहिली दोन वाक्यं कुसाबाईंनी लक्षात ठेवली. नानांनी नेमकं तिसरं ठेवलं.

गोळ्या लागू पडल्या. एकदम नाही, मधे एकदा बदलाव्या लागल्या, नानांचे हात थरथरले, तहान तहान झाली. पण वर्ष फिरलं तसे नाना पुन्हा नाना झाले. सकाळी बागेत, दुपारी जेवायला, संध्याकाळी भांडायला. कुसाबाईंना त्या भांडणाचं इतकं अप्रूप वाटायचं की त्या मुद्दाम भाजीत मीठ कमी टाकायच्या.

तेवढ्यात उज्वलाचं जमलं. मुलगा सायखेड्याचा, रोहित, सातपूरला कंपनीत होता. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं होतं, थोरांनी आता फक्त आपणच पसंत केल्यासारखं दाखवायचं होतं. नानांच्या आजाराबद्दल कुसाबाईंनी पाहुण्यांना अक्षर सांगितलं नाही. रोहितला सगळं ठाऊक होतं, त्याच्या आईबापाला नव्हतं. सुपारी फुटू दे, मग बघू, असं त्यांनी ठरवलं. कळलं आणि स्थळ मोडलं तर पोरगी आयुष्यभर बापाकडे कुठल्या नजरेने बघेल, हा विचार त्यांना झोपू देत नव्हता.

सुपारीच्या आठवड्यात नाना भल्या पहाटे शीळ घालत उठायला लागले. गोठा सारवला, ट्रॅक्टर धुतला, पुन्हा धुतला. कुसाबाईंना दिसत होतं. पण घरात पाहुणे यायचे आणि नवरा न सांगता माळे झाडतोय, हे सुख कुठल्या बाईला संशयाने बघवेल? लेकीच्या लग्नाचा आनंद आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. स्वतःला गंडवायला त्या फार हुशार होत्या.

सुपारीच्या दिवशी दारात पहिली उभी राहिली ती एसटी. सुपारीची यादी लिहायला दिंडोरीहून शाईची बाटली आणायला गेलेले नाना परतीच्या गाडीत उभे राहून सगळ्या प्रवाशांना जेवायचं आमंत्रण देऊन आले होते, आणि रविवार असल्याने लोकांनी ते घेतलंही होतं. कंडक्टर तिकिटाचं मशीन गळ्यात घालूनच पंगतीला बसला.

"अहो, ही कोण माणसं?" कुसाबाईंनी विचारलं.

"आपलीच!" नाना म्हणाले आणि ट्रॅक्टरवर चढले.

सायखेड्याची गाडी फाटकातून आत आली. व्याही कारभारीअण्णा फेटा सावरत उतरले, मागून विहीणबाई सिंधुबाई नऊवारी सावरत उतरल्या. आणि नानांनी ब्लोअर सुरू केला. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागचा तो भला मोठा पंखा, अख्ख्या बागेवर औषध उडवतो तो. टाकीत गुलाबपाणी होतं. लग्नात चिमूटभर शिंपडतात, नानांनी टाकीभर शिंपडलं. अण्णांचा फेटा उडाला आणि पंगतीतल्या कंडक्टरच्या वरणात जाऊन पडला. सिंधुबाई जागच्या जागी चिंब झाल्या.

"दोन्ही बाजूनं कव्हरेज झालं पायजे!" नाना वरून ओरडत होते. "जरा वळा, विहीणबाई!"

कुसाबाई घरात धावल्या. गोळ्यांचा डबा उघडला. पाकिटं जशीच्या तशी भरलेली. बाहेर हशा चालला होता आणि त्यांना भिंतीकडे तोंड केलेल्या नानांची ती पाठ दिसत होती. हे उधाण ओसरलं की माणूस पुन्हा तिथे जाणार. या वेळी परत येईल कशावरून? स्थळ, अब्रू, जेवणावळ, सगळं त्यांच्या मनातून एका क्षणात उतरलं. त्या पाकिटं घेऊन अंगणात आल्या आणि ट्रॅक्टरची चावी काढून घेतली.

"अण्णा," त्या ओल्या व्याह्यांना म्हणाल्या, "आमी तुमच्यापासून लपवलं. ह्यांना मनाचा आजार हाय. बायपोलर म्हंत्यात. औषधानं बरे व्हते. आता ह्यांनी औषध बंद केलंय. तुमाला सुपारी फोडायची तर फोडा, नायतर नका फोडू, पर मला आधी ह्यांना दवाखान्यात न्यायचंय."

पंगतीत वाढपीसुद्धा थांबले. अण्णांनी तोंडावरचं गुलाबपाणी पुसलं.

"बंद का केलं, पण?" त्यांनी नानांना विचारलं.

"का म्हंजे? माल निघायची येळ आली ना!" नाना खाली उतरत म्हणाले. "पोरीचं लगीन म्हंजे माल बाहेर चालला. त्येच्या आधी फवारणी बंद ठेवावी लागती का नाय? डॉक्टरीण रक्ताचा नमुना घेती, औषध किती हाय ते बघती. तुमी उद्या चौकशी केली आन रिपोर्टात रेसिड्यू सापडला, तर कंटेनर माघारी!"

या मुद्द्यावर अख्खं अंगण विचारात पडलं. एक्स्पोर्टच्या मालाला तोडणीआधी ठरावीक दिवस, म्हणजे पीएचआयभर, औषध बंद ठेवावं लागतं आणि रेसिड्यू, म्हणजे औषधाचा अंश, सापडला तर सगळा माल नापास होतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"बरोबर हाय की," अण्णा म्हणाले. "पीएचआय तर पाळायलाच पायजे."

"पाळायलाच पायजे," कंडक्टर म्हणाला. त्याचीही घोटीकडे थोडी शेती होती, भाताची, पण मत तर मत.

कुसाबाईंना एवढा संताप आला की त्यांनी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि मोबाइल स्पीकरवर टाकून नानांच्या तोंडापुढे धरला. रविवार होता, तरी बाईंनी उचलला. नानांनी त्यांना कंटेनरची सगळी हकिगत सांगितली, न थांबता, मधे धावपट्टीही आलीच.

मग बाई म्हणाल्या, "नाना, तुम्हाला पेटीत भरून युरोपला कोण पाठवतंय?"

कंडक्टरला ठसका लागला.

"रक्त मी तपासते ते औषध कमी किंवा जास्त होऊ नये म्हणून. ते तुमच्या अंगात असायलाच हवं, म्हणजे तुम्ही पास. रिपोर्टात सापडलं नाही तर नापास. आता आपल्या मनाने काही घेऊ नका, तासाभरात इकडे या. कुसाबाई, गाडी त्यांना चालवू देऊ नका. ट्रॅक्टर तर नाहीच."

फोन ठेवला गेला. सगळे हसत होते आणि नाना हसत नव्हते.

"रेसिड्यूचं निमित्त व्हतं," ते हळूच म्हणाले, फक्त कुसाबाईंना. पण अंगणात इतके कान होते की हळू बोलायचा काही उपयोग नव्हता. "उजू जायला निघंल, तवा मला रडू आलं पायजे. माझं रडू. गोळीनं मला सपाट केलंय का काय, मीच रडतोय का गोळी रडतीया, ह्ये मला कसं कळायचं? म्हनलं तेवढ्या दिवसापुरतं तरी आपण शुद्ध असावं."

कुसाबाई रागावल्या. रागावलं की त्यांना बोलायला नेहमीच सुचायचं.

"तुमी चष्मा लावून पोरीकडं बघता, तवा ती तुमची पोरगी दिसती का चष्म्याची?"

उज्वलाने पुढे होऊन नानांचा हात धरला. "नाना, आधी दवाखाना. सुपारी कुठं जात नाय."

"सपाट वाटतं ते बी सांगा डॉक्टरला," सिंधुबाई मधेच म्हणाल्या. पदर पिळायचं काम चालूच होतं. "गोळी बदलून देत्याल. आन ताई, तुमी लपवलं म्हणून एवढं कशापायी मनाला लावून घेता? आमच्या ह्यांना साखर हाय. आमी सांगितली व्हती का?"

एव्हाना पंगतीतलं एक ताट अण्णांपर्यंत पोचलं होतं आणि त्यांच्या हातात जिलेबी होती. ती त्यांनी ताटात ठेवली, मग ताट कंडक्टरकडे सरकवलं. स्थळ मोडायचा अधिकार त्यांच्याकडे आता उरला नव्हता, आणि सिंधुबाईंकडे बघता फारसा आधीही नसावा.

सगळे त्याच ओल्या गाडीतून नाशिकला गेले. वाटेत नानांनी अण्णांना धावपट्टीची योजना समजावून सांगितली आणि अण्णांना ती पटली. औषध पुन्हा सुरू झालं, यावेळी नीट तोलून, कारण नानांनी सपाट वाटण्याचं डॉक्टरीणबाईंना स्वतः सांगितलं. उधाण ओसरलं. त्यामागून थोडी उदासी आली, पण भिंतीपर्यंत पोचली नाही. लग्नाची तारीख गुरुजींनी एक काढली होती. "तोवर नाना पक्के होणार नाहीत," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा अण्णांनी गुरुजींना दुसरी काढायला लावली.

लग्न झालं. दोन्ही वेळच्या गोळ्या वेळेवर झाल्या, कुसाबाई स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. उज्वला निघाली, वाकून पाया पडली, आणि नानांनी जो हंबरडा फोडला तो ऐकून बँडवाले वाजवायचे थांबले. नाना रडले, हुंदके देऊन रडले, व्याह्याच्या नव्या फेट्यात तोंड घालून रडले. सिंधुबाई घाबरून डॉक्टरचा नंबर शोधायला लागल्या.

"राहू द्या," कुसाबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे वाहत होते. त्यांनी नवऱ्याचं तोंड फेट्यातून सोडवून पदराने पुसलं.

नानांनी लाल डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "कुसा," ते म्हणाले, "मीच हाय गं."