काजळीच्या शेजारचा कप्पा

मित्रांनो, आधी हात पुसून या. चिप्सच्या तेलकट बोटांनी उघडलेलं मला मुळीच खपत नाही. मी एक जुना अल्बम आहे, खेळातल्या कार्डांसारखी कार्डं जमवणाऱ्यांचा. माझ्या प्रत्येक पानाला पारदर्शक प्लास्टिकचे नऊ कप्पे आहेत आणि एका कप्प्यात एकच कार्ड राहतं.

कारखान्यात मला कापलं, तापवून जोडलं, पाठीत लोखंडी कड्या बसवल्या. मग कुरिअरच्या खोक्यातून मी मोहर्लीला आलो. मोहर्ली म्हणजे ताडोबाच्या जंगलाचं दार. तिथल्या एका दुकानात वाघांची कार्डं बंद पाकिटात मिळायची. कोणता वाघ निघेल ते पाकीट फोडेपर्यंत कळत नसे. पुढे वाघाचा फोटो, मागे त्याचं नाव, खूण, पिल्लं किती आणि शेवटी 'कुठे दिसतो'.

माझ्या मालकिणी दोन होत्या. गाइड प्रवीणभाऊंची दिव्यानी आणि तिची शेजारीण संघप्रिया. दोघींनी मिळून मला मागवलं होतं. प्रत्येक कार्डाला आधी पातळ पिशवी चढवायची, मगच माझ्या कप्प्यात सरकवायचं, असा त्यांचा नेम. दोनदा निघालेली कार्डं शाळेत अदलाबदल व्हायची. तेव्हा माझा रुबाब काय सांगू! पोरं माझ्याभोवती गराडा घालायची.

काजळी नावाच्या वाघिणीचं कार्ड निघालं, तेव्हा संघप्रिया अंगणभर नाचली. तिनंच ते माझ्या भरत आलेल्या पानावर मधोमध ठेवलं. त्याच्या शेजारचा कप्पा तेवढा रिकामा राहिला. सगळ्या वाघांपैकी एकच मिळायचा होता.

त्याच वर्षी चैत्रात संघप्रियाची आई, कांताबाई, पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि घरी आलीच नाही. काजळीनं तिला मारलं. जिथं कांताबाई सापडली तिथं लोकांनी दगड ठेवला. आमच्याकडे अशा जागेवरून जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवून पुढे जातो.

संघप्रिया यायची बंद झाली. दिव्यानी रोज फाटकाकडे बघत बसायची. मलाही फार वाईट वाटायचं. मग एका पाकिटातून ते राहिलेलं कार्ड निघालं. आता तरी ती येईल, असं म्हणत दिव्यानीनं ते रिकाम्या कप्प्यात घातलं.

सकाळी कार्ड जमिनीवर पडलेलं होतं.

तिनं परत घातलं. परत पडलं. मित्रांनो, मी ते मुद्दाम टाकत नव्हतो. मी तर घट्ट धरून होतो. पण कप्प्याच्या आतून कुणीतरी हळूच रेटायचं. दांडगाई नव्हती त्यात. बाजेवर बसलेल्याला 'जरा सरक' म्हणावं, तसं ते रेटणं होतं. मग प्लास्टिकवर आतून वाफ धरायची आणि मोहफुलांचा वास यायचा. पानं बंद असताना, कपाटाचं दार लावलेलं असताना.

दिव्यानीनं माझ्यात ओल शोषणारी पुडी ठेवली. सकाळी पुडी चिंब आणि वाफ होती तिथंच. तिनं काजळीचं कार्ड काढून डब्यात लपवलं, तरी फरक पडला नाही. शेवटी घाबरून तिनं मला बापाकडे नेलं. प्रवीणभाऊंनी तो कप्पा नाकाशी धरला. त्यांचा चेहरा उतरला. रोज जिप्सीतून पर्यटकांना काजळी दाखवणारा माणूस तो.

"हे कांताबाईच्या पोरीले दाखव," ते म्हणाले. "माही हिंमत नाई होत."

दिव्यानीनं काजळीचं कार्ड जागेवर ठेवलं आणि मला छातीशी धरून संघप्रियाच्या घरी नेलं.

"काऊन आणलं ते इथी?" संघप्रिया म्हणाली. "घेऊन जाय."

"एका कप्प्यात कार्ड राहूनच नाई राह्यलं वं. तू पाह्य ना एकडाव."

संघप्रियानं पान उघडलं. वाफ पाहिली. वास तिलाही आला असणार, कारण तिनं पानावर नाक टेकवलं. मग तिनं काजळीचं कार्ड काढून उलटं केलं.

"हिचं नाव हाय. खूण हाय. पिल्लं किती तेबी लिवलं हाय," ती म्हणाली. "माह्या आईचं कुठी हाय?"

दिव्यानी रडली. मग तिनं खोक्याचा पुठ्ठा घेतला, काजळीच्या कार्डाच्या मापानं कापला. संघप्रियानं आईचा छोटा फोटो त्यावर चिकटवला आणि मागे लिहू लागली.

नाव : कांताबाई.
खूण : उजव्या भुवईवर तीळ.
पिल्लं : एक.

'कुठे दिसते' पाशी पेन्सिल थांबली. मग तिनं लिहिलं : पहाटे, मोहाखाली.

"दिसते?" दिव्यानीनं हळूच विचारलं.

"रोज," संघप्रिया म्हणाली.

ते कार्ड माझ्या कप्प्यात अलगद गेलं. आतून कुणी रेटलं नाही. त्यानंतर ते कधी पडलंही नाही. राहिलेल्या वाघाला पुढच्या कोऱ्या पानावर जावं लागलं.

आता माझ्या कड्या गंजल्या आहेत. दोघी चंद्रपूरला शिकायला गेल्या, मी कपाटात पडून असतो. सुट्टीत आल्या की दोघी मिळूनच मला उघडतात. एरवी कुणी विचारत नाही. चैत्रातल्या पहाटे मात्र त्या कप्प्यावर अजून वाफ धरते.

मित्रांनो, मी तुमच्या हाती आलो तर एवढं करा. ती वाफ पुसू नका. काजळीचं नाव वाचाल, तेव्हा शेजारचंही मोठ्यानं वाचा. आणि वाचताना मोहाचा वास आला, कुणी हळूच रेटल्यासारखं वाटलं, तर पळू नका. जरा सरका आणि तिला बसू द्या.