माझ्यावर विसंबू नका

मित्रांनो, मी एका सुताराच्या गाडीतली जुनी बॅटरी आहे. माझी जागा बॉनेटखाली, त्यामुळे मला सहसा कोणी पाहत नाही. कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या बसवल्या, ॲसिड भरलं, तेव्हा मी चांगली ठणठणीत होते. किल्ली फिरली रे फिरली की इंजिन खडबडून जागं करायचे. "काय बॅटरी आहे!" असं सुतारदादा ज्याला त्याला सांगायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पुढे माझ्या टोकांवर पांढरा खार चढला. तो पुसायला कुणाला सवड नव्हती. थंडीत तर माझी ताकद निम्मीच उरते. गेल्या हिवाळ्यात मला किल्लीच्या आवाजाचीच धास्ती बसली होती.

अशाच एका गारठलेल्या पहाटे घरात धावपळ ऐकू आली. सुतारदादांच्या छोट्या बिट्टीला दम लागला होता. आई तिला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. पोरीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. दादांनी किल्ली फिरवली. मी जीव खाऊन जोर लावला. नुसतं घर्रर्र, आणि गप्प. पुन्हा तेच. आता माझ्यात जेमतेम एका खेपेपुरती ताकद होती, आणि ते मला सांगता येत नव्हतं.

त्यात बिट्टीला अंधाराची भीती वाटते म्हणून आतला दिवा चालू, ऊब यावी म्हणून हीटरचा पंखा चालू. दोघेही माझाच जीव खात होते.

"अहो, थांबा! किल्लीला हात लावू नका," आई म्हणाली. "आधी दिवा, पंखा, सगळं बंद करा."

"अगं, पोर घाबरेल."

"घाबरू दे. गाडी सुरू व्हायला हवी."

दिवा विझला. बिट्टीने धापा टाकत विचारलं, "आई, आहेस ना?"

"आहे गं. माझा हात धर."

दादा काहीही न करता बसून राहिले. तेवढ्या वेळात माझ्यात थोडा जीव गोळा झाला. मग किल्ली फिरली. होतं नव्हतं ते सगळं मी देऊन टाकलं. इंजिन खोकलं, अडखळलं आणि धडधडू लागलं.

दवाखाना वेळेवर गाठला. बिट्टी वाचली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने मला तपासलं. "दादा, ही संपली. आजच बदला."

"अरे, हिनेच तर माझ्या पोरीला वाचवलं," म्हणत दादांनी माझ्यावरची धूळ मायेने पुसली. "हिला कशी काढू? राहू दे."

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, असं तुम्हाला सगळे सांगत असतील. माझी विनंती उलटी आहे. आम्हाला जपा, थंडीआधी तपासून घ्या, पण आमचं आयुष्य संपलं की मन घट्ट करून काढून टाका. सुतारदादांना हे कोणीतरी सांगा हो. आज पुन्हा गारठा वाढलाय, आणि घरातून बिट्टीच्या खोकल्याचा आवाज येतोय.