विहिरीकाठची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी पंप आहे; पाठीवर अडकवून पिकावर औषध फवारायचा. माझा पट्टा दोनदा शिवलेला आहे आणि पोटाला एक पोचा आहे. आता मी शेडमधल्या खुंटीवर असतो.

कारखान्यात ठोकून-डाखून मला घडवले आणि दुकानातून आजोबांनी घरी आणले. टोमॅटोचे शेत, कडेला विहीर, विहिरीसमोर घर, एवढाच आमचा पसारा. आजोबांचा हात सढळ. पिशवीवर खताच्या चार मुठी लिहिल्या असल्या, तर ते पाचवी टाकायचेच. "पिकाच्या पोटाला कशाला चिमटा?" असे म्हणत.

स्वच्छतेचे तर त्यांना भारी वेड. फवारणी झाली रे झाली, की मला विहिरीच्या कट्ट्याशी नेऊन तीन पाण्यांनी खळखळून धूत. शेजारी आपले पंप तसेच कोपऱ्यात फेकत आणि वर म्हणत, "पंप असावा तर आजोबांच्या पंपासारखा!" मीही फुशारून जाई. धुवण कुठे जाते, हा प्रश्न ना त्यांना पडला, ना मला.

मग घरात नात आली. सुनेला दूध पुरेना, म्हणून ती डब्यातली पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून पाजू लागली. पाणी दोनदा उकळी, बिचारी. तरी दुसऱ्या महिन्यात बाळाचे ओठ निळसर दिसू लागले. घराच्या तोंडचे पाणीच पळाले. डॉक्टरांनी बाळाला ठेवून घेतले आणि म्हणाले, "आधी पाणी बदला. त्यात खत उतरलेलं असेल, तर ते उकळून जात नाही. पाणी आटतं, तसं उलट दाट होतं."

बाळ वाचले. पाठोपाठ पाणी तपासणाऱ्या बाई बाटल्या घेऊन आल्या. विहिरीत खताचा अंश मर्यादेच्या दुप्पट निघाला आणि माझ्या पोटातल्या औषधाचाही थोडा.

आजोबा मानायलाच तयार नव्हते. "मध्ये एवढी माती आहे. ती गाळत नाही का सगळं?"

"काका, चहाची गाळणी साखर अडवते का?" बाई म्हणाल्या. "जे विरघळलं, ते पाण्याबरोबर खाली जातं. विश्वास नसेल, तर पंप धुता तिथे मिठाचं पाणी ओता."

आजोबांनी हट्टाने अख्खे पोते विरघळवून ओतले. सहाव्या दिवशी बाईंनी विहिरीच्या पाण्यात खारटपणा मोजायचे यंत्र बुडवले आणि आकडा सरसर चढला. आजोबांनी घोटभर पाणी तोंडात धरले आणि थुंकून टाकले. ते जिभेला खारट लागले की मनाला, कोण जाणे. ते कट्ट्यावरच बसले.

"मीच पाजलं गं तिला," ते सुनेला म्हणाले.

 सुनेने मला उचलले आणि विहिरीपासून लांब, बांधावर नेऊन ठेवले. इतकी वर्षे मी ज्या आंघोळीचा तोरा मिरवला, तिची मला तेव्हा लाज वाटली.

त्यानंतर जोवर मी कामात होतो, तोवर माझे धुणे शेतातच होई आणि धुवण पिकावरच फवारले जाई. पाचवी मूठ तर कायमची बंद झाली. तरी पिण्याचे पाणी आजोबा अजून लांबून कॅन भरून आणतात. नात आता पाच वर्षांची आहे. ती विहिरीत डोकावून विचारते, "आजोबा, आपल्या विहिरीचं पाणी मी कधी प्यायचं?"

"बाईंचा खताचा आकडा उतरला की."

आकडा उतरतो आहे, पण मुंगीच्या पावलाने. म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हा पंपांना जरूर धुवा, पण विहिरीपासून लांब. आणि खत मोजूनच घाला. आम्ही जे घटकाभरात ओतले, ते निघता निघता या पोरीचे बालपण सरत चालले आहे.