मंगळवार, दोन ते पाच

बाईंनी तिसऱ्यांदा मंगळवार खोडला. या वेळी खोडरबर इतकं जोरात फिरलं की आलेखाच्या कागदाला भोकच पडलं. त्यांनी कागद उचलून उजेडाकडे धरला. भोकातून समोर बसलेल्या मामांच्या शर्टाची गुंडी दिसली.

"फाटलं," बाई म्हणाल्या.

"दुसरा आणतो." मामा उठायला लागले.

"बसा हो. आत्ता तुम्ही विद्यार्थी आहात."

मामा बसले, पण खुर्चीच्या कडेवर. बावीस वर्षं ते या विभागाचे अटेंडंट होते आणि त्यातली सात वर्षं विद्यार्थीही होते. तरी विभागप्रमुखांच्या खोलीत टेकायचं म्हणजे अजून त्यांच्या जिवावर यायचं. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी मांडीवर घडी घालून ठेवलं.

बाईंनी नवा कागद घेतला, पट्टी ठेवली आणि पुन्हा सहा वार आखायला सुरुवात केली. तीस वर्षं सगळ्या विभागाचं वेळापत्रक त्यांनीच केलं होतं. कोणत्या वर्गाला कोणता तास, कोणता विषय कोणत्या विषयाच्या आधी, कोणाला कोणत्या सत्रात काय झेपेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. इतर विभागांचे लोक जून उजाडला की त्यांच्याकडे अडलेल्या बाळंतिणीसारखे यायचे आणि बाई दोन रेघा इकडच्या तिकडे करून त्यांना मोकळं करायच्या. "यात काय आहे?" त्या म्हणायच्या. "एका माणसाला एका वेळी एकाच जागी बसवायचं, एवढंच तर असतं."

आज तेवढंच जमत नव्हतं.

मामांना या भानगडीत पाडलं होतं ते बाईंनीच. त्याआधी पंधरा वर्षं मामा भांडारघराच्या खिडकीतून बाईंचं शिकवणं ऐकत आले होते. एके दिवशी वर्गात बाई फळ्यावर एक समीकरण सोडवत होत्या, तर खिडकीतून हळूच आवाज आला, "बाई, उजवीकडे एक ऑक्सिजन जास्त झालाय." सगळा वर्ग हसला. बाईंनी मोजलं. खरंच जास्त झाला होता. तास संपल्यावर त्यांनी मामांना प्रवेशाचा अर्ज आणून दिला होता. मामा म्हणाले, "चाळिशी उलटलेल्या घोड्याला आता शर्यतीत कुठे उतरवता?" बाई म्हणाल्या, "घोडा बांधून ठेवूनही म्हातारा होतोच की."

पहिल्या दिवशी सकाळी सातच्या वर्गात मामा वही घेऊन शिरले, तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मामा, कोणाला शोधताय?"

"चौथं बाक," मामा म्हणाले.

तेव्हापासून सात ते नऊ मामा बाकावर असायचे आणि दहाला पुन्हा खांद्यावर फडकं. सकाळी ज्या मुलांच्या शेजारी बसून ते टिपणं काढायचे, त्याच मुलांना दुपारी ब्युरेट काढून द्यायचे. मुलं त्यांची वही मागून न्यायची, कारण मामांच्या वहीत बाईंचे विनोदसुद्धा उतरलेले असायचे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी चार वर्षांत काढला, मग तिसऱ्या वर्षाचे पेपर एकेक करत तीन वर्षांत. सगळे सुटले. एकदाही नापास नाही. राहिली होती फक्त तिसऱ्या वर्षाची दोन प्रॅक्टिकलं. मंगळवारी ऑरगॅनिक, गुरुवारी फिजिकल. दुपारी दोन ते पाच.

आणि मंगळवारी, गुरुवारी, दुपारी दोन ते पाच, मामांची ड्युटी असायची. नेमकी तिथेच. त्याच प्रॅक्टिकलांना.

"पुन्हा पहिल्यापासून बघू," बाई म्हणाल्या. "प्रॅक्टिकल सकाळी नेलं तर?"

"सकाळी लॅब पहिल्या वर्षाकडे."

"शनिवारी?"

"शनिवारी पाणी नसतं, बाई."

"फिजिक्सच्या अटेंडंटला दोन दिवस इकडे घेतलं तर?"

मामा हसले. फिजिक्सच्या अटेंडंटला सगळं कॉलेज 'चुंबक' म्हणायचं, कारण तो एकदा खुर्चीला चिकटला की सुटीची घंटा झाल्याशिवाय सुटत नसे. "विचारलं मी त्याला. म्हणाला, ॲसिडच्या बाटलीला हात लावायचा असेल तर आधी बायकोचं ना-हरकत प्रमाणपत्र आणतो."

"आणि प्राचार्य?"

"रोजंदारीवर माणूस मिळणार नाही म्हणाले. जागा मंजूर आहे, भरती बंद आहे."

"मग मी बघते तुमचं काम. माझी मी मांडामांड करेन. अजून हात चालतात माझे."

"पुढच्या महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत बघाल," मामा हळूच म्हणाले. "एक तारखेपासून तुम्हालाच गेटवर नाव लिहून आत यावं लागेल."

आपली निवृत्ती बाई विसरल्या होत्या असं नाही, पण वेळापत्रक करताना माणूस स्वतःला कागदावर मोजत नाही. शिवाय रजिस्टरवर अटेंडंटची सही झाल्याशिवाय प्रॅक्टिकल सुरूच करायचं नाही, असा नियम होता. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कॉलेजात एका मुलाचा हात भाजला, तेव्हापासून तो आला होता. म्हणजे मामांनी रजा काढली तर प्रॅक्टिकल बंद, आणि मामा हजर राहिले तर ते बाकाच्या अलीकडे, पलीकडे नाहीत.

टेबलावर सकाळीच आलेलं युनिव्हर्सिटीचं पत्र पडलं होतं. प्रवेश घेतल्यापासून आठ वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते; मुदतवाढीचा विनंतीअर्ज विचारात घेता येत नाही. हे आठवं वर्ष. फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्याची. बाईंनी ते पत्र सकाळपासून चार वेळा वाचलं होतं. जणू पाचव्यांदा वाचलं तर मजकूर बदलणार होता.

"तुमचा जोडीदार असता तर..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

मामांचा जोडीदार म्हणजे विभागाचा दुसरा अटेंडंट. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामीच राहिली. तो होता तेव्हा पहिल्या दोन वर्षांची प्रॅक्टिकलं मामांनी मजेत केली होती. एक जण बाकावर, दुसरा भांडारघरात. जोडीदार त्यांना मुद्दाम सगळ्यांत गढूळ सॉल्ट काढून द्यायचा आणि वर म्हणायचा, "ओळखा आता, साहेब."

हे आठवताना बाईंना त्यामागे आणखीही काही आठवलं. त्यांची स्मरणशक्ती सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध होती; वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचा रोल नंबर त्या सांगायच्या. पण ही एक दुपार त्यांनी कुठेतरी खाली दाबून ठेवली असावी. पाचव्या वर्षी, अशाच जूनमध्ये, मामा याच दारात उभे होते. म्हणाले होते, "बाई, या वर्षी प्रॅक्टिकलं उरकून घेऊ का? जोडीदार पुढच्या मार्चला जातोय." बाईंनी उत्तरपत्रिकांतून मानही वर केली नव्हती. "घाई कशाला? आधी अवघड पेपर काढा. प्रॅक्टिकल काय, तुमच्या हातचा मळ. ते शेवटी ठेवू." मामा "बरं" म्हणाले होते आणि गेले होते.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेली. मामांनी ती पडायच्या आत पकडली आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली.

"तुम्ही मला विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "पाचव्या वर्षी. दारात उभं राहून."

मामा फडक्याची घडी उलगडून पुन्हा घालत होते.

"विचारलं होतंत ना?"

"असेल. इतकं कुठे लक्षात राहतं?"

"खोटं बोलू नका. दहा वर्षांपूर्वी फुटलेल्या फ्लास्कची तारीख सांगता तुम्ही."

"बाई, त्या वर्षी मलासुद्धा तेच बरं वाटलं होतं." मामा खाली बघत म्हणाले. "शेवटी हाताचं काम. पेपरांची धाकधूक संपलेली आणि आपण मजेत बाकावर. वाटायचं, शेवटचं वर्ष मस्त जाईल."

बाहेर व्हरांड्यातून मुलं धडधडत गेली. कोणीतरी दारातून डोकावून, "मामा, जर्नलवर सही कोण करतं?" असं विचारलं, आणि बाईंना बघून तसंच पळालं. बाई खिडकीकडे बघत होत्या. तीस वर्षांत त्यांनी किती पोरांचे अभ्यासक्रम आखून दिले होते! गणित कच्चं असलेल्यांना आधी गणित, आजारी आईला सांभाळणाऱ्या मुलीला सोपी दोन सत्रं, हातचलाखी करणाऱ्याला पहिल्याच सत्रात कडक मास्तर. सगळ्यांची गाडी लागली होती. आणि ज्याला त्यांनी स्वतः बोलावून आणलं, ज्याने सात वर्षं त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, त्याची गाडी त्यांनी एका वाक्यात चुकवली होती.

"राहू द्या आता," मामा म्हणाले. "पाच वाजत आले. तुमचे डोळे दुखतील."

"मी युनिव्हर्सिटीत जाते उद्या. स्वतः."

"गेल्या आठवड्यात गेलाच होतात की. दोन तास बाकावर बसवलं तुम्हाला. शिपायाने सांगितलं मला."

शिपायांची बातमी शिपायांकडे पोचणारच. बाईंना त्याचीही लाज वाटली.

मामा उठले. खुर्ची जिथली तिथे सरकवली. मग दाराशी जाऊन परत फिरले.

"बाई, एक काम होतं. करायचं नसेल तर नाही म्हणा."

"बोला."

"या वर्षीचा कागद करून द्याल? पेनाने. तुमच्या सहीचा."

"कसला कागद? फॉर्मच भरता येत नाहीये आपल्याला."

"घरासाठी." मामांनी घसा साफ केला. "दर वर्षीचा कागद मामी कपाटाच्या दारावर आतून चिकटवते. विषय सुटला की त्यावर फुली मारते. सात वर्षं चार वाजता उठून डबा केलाय तिने. या बुधवारी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. दार कोरं दिसलं तर विचारेल. सांगणारच आहे मी. पण ती चालायला लागू दे. एकदम दोन दुखणी नकोत."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून शाईचं पेन काढलं.

खोटं वेळापत्रक त्यांनी जन्मात केलं नव्हतं. पण हात सवयीने चालत राहिला. सहा वार, आठ रकाने. सोमवार मोकळा. मंगळवार, दोन ते पाच, ऑरगॅनिक प्रॅक्टिकल. गुरुवार, दोन ते पाच, फिजिकल. मामांना जेवायला वेळ मिळावा म्हणून मंगळवारी एक ते दोनचा तास त्यांनी रिकामा सोडला. बुधवारी जर्नल लिहायला एक तास. मार्चमध्ये परीक्षा. खाली सही, तारीख, शिक्का. इतका स्वच्छ कागद त्यांनी बऱ्याच वर्षांत केला नव्हता. कुठे खाडाखोड नाही, कुठे अडचण नाही.

मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. वाचता वाचता कपाळाला आठी पडली.

"काय झालं?"

"दोन ते पाच तुम्ही मला बाकावर बसवलंय."

"मग?"

"मग भांडारघराचं कोण बघतंय? ती पहिलं तेच विचारेल. तिला सगळं माहितीय इथलं."

बाईंनी पेन तोंडाशी नेलं. "सांगा, नवा माणूस घेतलाय."

"कोण?"

"असेल कोणीतरी."

"तेवढ्यावर ऐकणारी नाही ती. कुठला, आधी कुठे होता, सगळं विचारेल."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "चाळिशीचा आहे," त्या म्हणाल्या. "आधी औषधांच्या दुकानात होता. बाटल्यांची सवय आहे."

"मग लेबलं वाचता येत असतील," मामा खुर्चीवर बसत म्हणाले. या वेळी नीट मागे टेकून.

"अक्षर बरं आहे."

"उंच आहे का? वरच्या फळीला माझा हात पुरत नाही. जोडीदाराचा पुरायचा."

"चांगला उंच आहे. पण बोलतो फार."

"बोलू दे. मुलांना बोलणारा लागतो." मामा विचारात पडले. "पिपेट धुता येतं का त्याला?"

"नाही. नुसतं पाण्याखाली धरतो आणि ठेवून देतो."

"अरे देवा! मग सगळ्यांची रीडिंगं चुकणार."

"पहिल्या आठवड्यात दोन फोडलीसुद्धा."

"नवा आहे." मामांनी कागदाची सुरळी केली आणि फडक्यात गुंडाळली. "मंगळवारी जरा लवकर येईन मी. दीड वाजता. सगळं मांडून दाखवतो त्याला, मग जातो बाकावर."

"जेवायचा वेळ आहे तो तुमचा."

"असू दे. डबा काय, उभ्यानेही खाता येतो."

ते दारापर्यंत गेले. बाहेर घंटा झाली.

"मामा," बाईंनी हाक मारली. "पहिला महिना त्याला ॲसिडला हात लावू देऊ नका."

"छे, छे," मामा म्हणाले. "ते मीच बघेन."