उन्हातला निळा लसण्या

मी एक जुना दगड आहे, असं माझ्याबद्दल कुणी म्हटलं की मला राग येतो. मित्रांनो, दगड रस्त्यावर पडलेला असतो. मी खनिज आहे. माझं नाव स्कोरोडाइट. लोखंड, सोमल, प्राणवायू आणि थोडं पाणी, एवढ्यावर माझा पिंड पोसला आहे. सोमल म्हणजे विष, तेव्हा मला हातात घेतलंत तर नंतर हात स्वच्छ धुवा आणि मगच खाऊच्या डब्याकडे वळा. माझं नाव मुळात ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ लसणासारखा असा आहे. इतक्या देखण्या स्फटिकाला लसणाचं नाव का दिलं, ते पुढे येईलच. नागपुरात एक माणूस मला लसण्या म्हणायचा, आणि खरं सांगतो, ग्रीक नावापेक्षा मला तेच आवडायचं.

माझा जन्म आफ्रिकेच्या नैऋत्येला, त्सुमेब नावाच्या तांब्या-शिशाच्या खोल खाणीत झाला. तिथे सोमल असलेली जुनी खनिजं जमिनीत मुरणाऱ्या पाण्याने हळूहळू झिजली, आणि त्यांच्यातून निघालेल्या रसाने एका पोकळीत मी वाढलो. किती वर्षं लागली ते विचारू नका, मोजायला तिथे कुणी नव्हतं. माझं गोत्र मात्र जगभर पसरलेलं आहे. जर्मनीच्या सॅक्सनीत, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, ग्रीसमध्ये, मेक्सिकोत, ब्राझीलमध्ये आणि थेट जपानातसुद्धा आमचे भाऊबंद आहेत. कुणी मातकट तपकिरी, कुणी खडकाला हिरव्या पापुद्र्यासारखा चिकटलेला. माझ्यासारखे टोकदार, काचेसारखे चमकणारे त्यात थोडेच. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात, पण कपाटात बसलेल्याची स्तुती दुसरं कोण करणार?

सहासष्ट साली मी नागपूरला आलो. तिथल्या सदर नावाच्या वस्तीत एक जुनं कॉलेज होतं. तिथे मधुकरराव नावाचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. धरमपेठेतून सायकलवर येत आणि पँटला लावलेली क्लिप दिवसभर काढायला विसरत. त्यांनी रामटेककडच्या मँगनीजचे काळे चकचकीत स्फटिक जर्मनीतल्या एका संग्राहकाला पाठवले, आणि त्याच्या बदल्यात त्याने मला धाडलं. लाकडाच्या भुश्शात गुरफटून, आधी बोटीने आणि मग रेल्वेने मी आलो. पेटी उघडली तेव्हा मला पहिल्यांदा दिसले ते दोन मोठे, खरबरीत हात. ते धोंडबाचे होते.

धोंडबा त्या प्रयोगशाळेतला शिपाई. खोकी उचलणं, कपाटं पुसणं, नमुने मांडणं हे त्याचं काम. शाळा चौथीतच सुटलेली. पण मधुकररावांनी लिहिलेली कार्डं पाहून पाहून तो अक्षर गिरवायला शिकला होता, आणि डोळे मिटून हातात दिलेला दगड कोणता, ते तो नुसत्या बोटांनी सांगायचा. छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा तो आपल्या बायकोला, कौसल्येला, घेऊन त्या गर्दीत उभा होता. त्या दिवशी घेतलेलं पंचशील तो रोज सकाळी कपाट उघडण्याआधी ओठांतल्या ओठांत म्हणायचा. न दिलेलं घेणार नाही, हे त्यातलं शील म्हणताना त्याचा हात हमखास माझ्या कपाटाच्या कुलपावर असायचा.

मला त्याने पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवलं. माझ्यासमोर मधुकररावांच्या सुबक अक्षरातलं कार्ड उभं राहिलं. स्कोरोडाइट, त्सुमेब. रंग निळसर हिरवा. चमक काचेसारखी. नखाने ओरखडा उठत नाही, चाकूने उठतो. कस, म्हणजे घासल्यावर उमटणारी रेघ, पांढरा. आकाराच्या मानाने जड. शिकायला येणारी पोरं आधी मला पाहायची, मग कार्ड, मग पुन्हा मला. त्या दिवसांची आठवण झाली की आजही बरं वाटतं.

एकदाच मला लागलं. सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात मधुकररावांनी माझा एक कोपरा हातोडीने उडवला. त्याची पूड करून कोळशावर ठेवली, फुंकनळीने ज्योत तिच्यावर सोडली आणि पोरांना लांबूनच वास घ्यायला सांगितलं. हे सगळं प्रयोगशाळेत नाही, अंगणातल्या कडुनिंबाखाली, वारा पाठीशी ठेवून. हवेत लसणाचा वास पसरला.

"सर, हे तर फोडणी घालून राहिले तुमी," धोंडबा म्हणाला.

"फोडणीच रे, पण सोमलाची," मधुकरराव म्हणाले. "हा धूर विषारी असतो. लक्षात ठेव धोंडबा, याला तापवायचं तर उघड्यावर. चार भिंतींत कधीही नाही. मी नसलो तरी."

त्याच दिवशी धोंडबाने माझं नाव लसण्या ठेवलं. दुपारी तो माझ्या कपाटासमोरच्या बाकावर डबा उघडायचा. कौसल्येच्या हातची भाकर आणि लसणाची लाल चटणी ठरलेली. "काय गा लसण्या," तो म्हणायचा, "तुह्या नावाची चटणी आहे आज. येतं का जेवाले?" त्या वेळी मला तुटलेल्या कोपऱ्याचं काही वाटायचं नाही. बोळ्याने पुसताना त्याचं बोट त्या कोपऱ्याशी जरा थांबायचं, लागलेल्या पोराच्या गुडघ्यावरून आई हात फिरवते तसं. असली माया मला खाणीत कुठून मिळणार होती?

सुखाचे दिवस भराभर जातात. मधुकरराव निवृत्त झाले आणि शहात्तर साली वारले. धोंडबा त्या दिवशी कपाटं पुसायला आला, पण एकही न पुसता गेला.

मग आलं एकोणऐंशी साल आणि त्यातला मे महिना. विभागाचे नवे प्रमुख होते डॉक्टर श्रीधर. तरुण आणि हुशार, पण सदा घोड्यावर स्वार. खिडकीकडच्या दालनाचं छत दुरुस्तीला निघालं, म्हणून आमची कपाटं आतल्या मोठ्या खोलीत हलवली. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. खोलीच्या सगळ्या खिडक्या बंद, त्यांवर ओल्या वाळ्याचे पडदे, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, आणि भर दुपारी वर एकच पिवळा दिवा. श्रीधर सर एकेक कार्ड हातात घेऊन नमुना ताडून पाहत होते. माझी पाळी आली. त्यांनी कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्ड वाचलं.

"धोंडबा, हा तो नमुना नाही. कार्डावर निळसर हिरवा आहे. हा जांभळा आहे."

धोंडबा जवळ आला आणि त्याने मला पाहिलं. मित्रांनो, तेरा वर्षं ज्याने मला रोज पुसलं, त्याच्या डोळ्यांत त्या क्षणी ओळख नव्हती. त्याचा तरी काय दोष? खिडकीच्या दालनात दिवा कधी लागलाच नव्हता, पाचला कुलूप पडायचं. दिव्याखाली मी कसा दिसतो ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि माझं मलाही ठाऊक नव्हतं. "हा कोण गा?" तो पुटपुटला. मी आहे रे, तुझा लसण्या, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण खनिजाला तोंड नसतं.

मग त्याने मला उचललं. त्याचं बोट सवयीने फिरलं आणि तुटलेल्या कोपऱ्याशी थांबलं.

"सर, हा तोच आहे."

"मग रंग?"

"रंग काहून बदलला ते मले नाही समजत. पण हा कोपरा मले समजते."

"कोपरा कुणालाही तोडता येतो, धोंडबा." श्रीधर सरांचा आवाज कडक नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "असल्या स्फटिकांना परदेशात गिऱ्हाईक असतं. आणि कपाटाची किल्ली गेली तेरा वर्षं तुझ्याकडेच आहे. मला प्राचार्यांना कळवावं लागेल."

सर जेवायला गेले. धोंडबाने डबा उघडला नाही. माझ्यासमोर बसून राहिला. "तेवीस वर्षं झाली गा," तो हलकेच म्हणाला. "न दिलेलं घेणार नाही म्हटलं, त्याले तेवीस वर्षं झाली. आता घरी जाऊन कौसल्येले काय सांगू? की मी दगड इकला?" मला आयुष्यात एकदाच स्वतःची लाज वाटली, ती त्या दुपारी. माझ्या रंगापायी एका सच्च्या माणसाच्या डोक्यावर चोरीचं खापर फुटत होतं.

श्रीधर सर परतले ते हातोडी, कोळसा, फुंकनळी आणि स्पिरिटचा दिवा घेऊन. "एक तुकडा तापवून पाहू," ते म्हणाले. "लसणाचा वास आला तर हा स्कोरोडाइट खरा, तू सुटलास. नाही आला तर मला पत्र लिहावंच लागेल." सगळं त्यांनी तिथेच टेबलावर मांडलं. दोन मिनिटांचं काम होतं. मला हातोडी दिसत होती, पण खरं सांगतो, मी मनाने तयार होतो. धोंडबासाठी आणखी एक कोपरा गेला असता तर मला चाललं असतं.

पण धोंडबाने माझ्यावर हात ठेवला.

"फोडा सर. पण इथं नाही."

"का?"

"खिडक्या बंद आहेत. पडदे लागले आहेत, कूलर फिरून राहिला. धूर जाईन कुठून? मोठ्या सरांनी सांगितलं होतं, याले तापवायचं तर उघड्यावर. अंगणात चला."

"अरे, बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे."

"असू द्या. धूर तुमच्याच नाकात जाईन, सर."

ज्याच्यावर चोरीचा आळ होता, तो आळ घेणाऱ्याच्या नाकाची काळजी करत होता. श्रीधर सर थोडे वरमले. "बरं, चल," एवढंच म्हणाले. धोंडबाने मला तळहातावर घेतलं, सरांनी बाकीचं सामान उचललं. व्हरांडा ओलांडून आम्ही अंगणात उतरलो. पांढरं, रखरखीत ऊन माझ्या अंगावर पडलं.

धोंडबा जागच्या जागी थबकला. त्याच्या तळहातावर मी निळसर हिरवा होतो, कार्डावर लिहिलं होतं तसाच.

"सर," तो म्हणाला. आणि त्याने तळहात त्यांच्यापुढे धरला.

श्रीधर सरांनी मला घेतलं. ते आत दिव्याखाली गेले, मी जांभळा झालो. बाहेर आले, मी निळा झालो. डोक्यावर रुमालसुद्धा न घेता, त्या उन्हात ते तीनदा आतबाहेर करत राहिले. सूर्याच्या प्रकाशात निळा-हिरवा भाग भरपूर असतो, पिवळ्या दिव्यात तांबूस भाग जास्त. आमच्या जातीतल्या काही स्फटिकांचा रंग त्यामुळे उजेडागणिक बदलतो. हे पुस्तकातलं ज्ञान सरांना होतं, पण ऐन वेळी आठवलं नव्हतं. चौथ्यांदा ते बाहेर आले तेव्हा हातोडी त्यांच्या खिशात होती.

"धोंडबा, मी चुकलो. तुझ्यावर उगाच आळ घेतला."

धोंडबाने मला त्यांच्या हातातून घेतलं. शर्टाच्या टोकाने त्याने मला पुसलं. "तू पण गा लसण्या," तो म्हणाला, "मलेच ओळख नाही दिली." आणि इतका वेळ रोखून धरलेलं पाणी त्याच्या डोळ्यांतून वाहू लागलं.

दुसऱ्या दिवशी श्रीधर सरांनी कार्डावर आपल्या हाताने लिहिलं, दिव्याखाली जांभळट. मग पेन धोंडबापुढे धरलं आणि म्हणाले, "शेवटची ओळ तू लिही." धोंडबाने बराच वेळ विचार केला. मग मधुकररावांच्या अक्षराची नक्कल करत, जीभ दातांत धरून, त्याने एक ओळ लिहिली.

चौऱ्याऐंशी साली तो निवृत्त झाला. त्यानंतर आमची कपाटं जिन्याखाली गेली. तिथे एकच पिवळा दिवा आहे आणि तोही मनात आलं तर लागतो. पुसायला कुणी येत नाही, काचेवर बोटभर धूळ आहे. एके काळी ज्याला पाहायला पोरं रांग लावत, त्याच्याकडे आता कुणी ढुंकून पाहत नाही. असो, माझं गाऱ्हाणं पुरे.

परवा अचानक ओळखीच्या चपला वाजल्या. धोंडबा आला होता, सोबत कौसल्या. मोतीबिंदूने त्याची नजर गेल्यासारखीच होती. नव्या शिपायाने मला त्याच्या हातात दिलं, आणि ते बोट बरोबर कोपऱ्याशी जाऊन थांबलं.

"हाच गा," तो म्हणाला.

कौसल्येने मला प्रथमच पाहिलं. "तुमी तर निळा म्हणत होते. हा जांभळा आहे."

"खिडकीपाशी ने वं."

तिने मला व्हरांड्याच्या खिडकीत धरलं. ऊन पडलं. बराच वेळ ती बघत राहिली. धोंडबा घसा खाकरून म्हणाला, "याच्या रंगापायी एकदा माझ्यावर चोरीचा आळ आला होता. घरी नाही सांगितलं मी तुले."

"मले माहीत होतं," कौसल्या म्हणाली. "त्या दिवशी डबा भरलेलाच परत आणला होता तुमी. चोरी करणारा माणूस जेवून घेते."

धोंडबा हसला. तिने मला पुन्हा कपाटात ठेवलं, पदराने समोरची काच पुसली आणि कार्डावरची शेवटची ओळ बोट ठेवून, अक्षर लावत वाचली.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. कधी आलात तर काचेवरची धूळ पुसा, मला तोडू नका, हात धुवायला विसरू नका. आणि मी असो की माणूस असो, हा तो नव्हे, हा खोटा, असं म्हणायची पाळी आली, तर त्याआधी ते कार्ड आठवा. वेड्यावाकड्या अक्षरांत धोंडबाने तिथे लिहून ठेवलं आहे, 'आधी उन्हात नेऊन पाहा.'