मिठाची मूठ

मुठीत खडेमीठ आणि दोन सुक्या मिरच्या घेऊन पंकजाबाई परसातल्या खड्ड्याच्या काठाशी उभ्या होत्या. नवरा विहिरीपाशी पाय धूत होता. पाण्याचा आवाज थांबायच्या आत काम उरकायला हवं होतं. त्यांनी मूठ खड्ड्यावरून ओवाळली. कुंभकोणच्या मेलकावेरी भागातल्या ज्या ज्या बाईचा डोळा वाईट असू शकेल तिचं तिचं नाव मनात घेतलं. ती यादी बरीच लांब होती आणि तिच्यात सख्खी नणंदही होती. मग मूठ खड्ड्यात उघडून त्या लगबगीने घरात आल्या आणि काहीच न झाल्यासारख्या निरांजनाची वात वळायला बसल्या.

दृष्ट काढून मीठ-मिरच्या चुलीत टाकायच्या, ही रीत त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण चुलीत टाकल्या की ठसका उठतो, आणि ठसका उठला की नवरा, सुंदरराव, विचारणार. विहिरीत टाकावं तर पाणी प्यायचं. खड्डा मात्र कायम ओलसर असे. मीठ विरघळतं तशी दृष्टही विरघळते, हे शेजारच्या अलमेलुने त्यांना कधीतरी सांगितलं होतं. जिथे दृष्ट लागायची तिथेच ती विरून जाऊ दे, असा सरळ हिशेब त्यांनी केला.

पंकजाबाई भित्र्या होत्या. घराण्याचा मूळपुरुष म्हणे कुणा सरदाराच्या मागे घोड्यावर बसून तंजावरला आला. त्याचं शौर्य पुढच्या पिढ्यांत कुठे सांडलं कोण जाणे, पंकजाबाईंपर्यंत ते पोचलं नव्हतं. पाल चुकचुकली की त्या जमिनीवर बोटं आपटून देवाचं नाव घेत. कुणी वाटेत 'कुठे निघालात' विचारलं की त्या घरी परत येऊन पाणी पिऊन पुन्हा निघत. लोक हसत. तुफानानंतर मात्र कुणी हसेनासं झालं.

बावन्न सालच्या त्या तुफानात परसातला जुना माड मुळासकट उपटला गेला आणि गोठ्यावर पडला. गाय सोडायला गेलेला व्यंकटेश गोठ्यात होता. एकुलता एक मुलगा, एकोणीस वर्षांचा. गाय वाचली, तो नाही. माड उपटला तिथे माणूसभर खोल खड्डा राहिला, आणि सुंदरराव त्या खड्ड्याकडे तोंड करून मागच्या ओसरीवर बसले ते बसलेच. पितळेच्या भांड्यांच्या दुकानात ते वजन करायच्या कामाला होते. मालक भला, त्याने काम ठेवलं. सुंदरराव जात, तराजू धरत, परत येत आणि ओसरीवर बसत. बोलणं नाही. जेवायला वाढू का म्हटलं तर नुसतं 'हं'. पंकजाबाईंनी मुलासाठी रडून घेतलं, पण नवरा जिवंत असून घरात नाही, याचं रडायचं कसं ते त्यांना कळेना. रात्री त्या डोळे उघडे ठेवून पडत आणि नवऱ्याचा श्वास ऐकत राहत.

सुंदरराव खड्डा बुजवू देत नव्हते, म्हणून पंकजाबाई त्यात केर टाकू लागल्या. जेवलेली केळीची पानं, कॉफीचा चोथा, देवाची शिळी फुलं, गाईचं शेण. वर्ष उलटलं. एके सकाळी त्या भांडी घासत होत्या तेव्हा मागून हाक आली.

"अगो, ये बघ. हे काय होऊन अस्से ते."

त्यांच्या हातातला तांब्या पडला. एवढे शब्द एका दमात किती दिवसांनी ऐकले होते. सुंदरराव खड्ड्यात उतरून उकिडवे बसले होते, आणि त्यांच्या ओंजळीत काळीभोर, भुसभुशीत माती होती. तिच्यात तांबूस गांडुळं वळवळत होती. पंकजाबाईंना किळस आली, भीतीही वाटली. पण नवऱ्याच्या तोंडावर जे दिसत होतं ते पाहून त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि हसल्या.

त्यानंतर सुंदररावांना दुसरा विषय उरला नाही. वरून ओलं घालावं, ऊन लागू देऊ नये, केळीच्या सोपटांनी झाकावं, आणि बाकीचं त्यांच्यावर सोडावं. 'त्यांच्यावर' म्हणजे गांडुळांवर, आणि तेही आदरार्थी. पंकजाबाई थट्टेने म्हणत की सासरे गेले तरी घरात वडीलधाऱ्यांना तोटा नाही. तुफानाने वाळू आणून घातलेल्या परसात ती माती पडली आणि वांगी धरली, अवरेच्या शेंगांचा वेल छपरावर चढला, कण्हेर आणि तगर फुलून आली. खायला दोघं माणसं, म्हणून भाजी आळीत जाऊ लागली. आळी रिकामी टोपली परत करीना, त्यात आपल्या घरचा केर घालून पाठवू लागली. आळीच्या टोकाला उष्ट्या पानांचा ढीग कुजत असे, माश्या घोंघावत, तो ढीगच नाहीसा झाला. लोक आपल्या परसातल्या झाडांना घालायला घमेलंभर माती मागायला येत आणि सुंदरराव त्यांच्याशी तासन्‌तास बोलत. एकदा नणंदेने टोचलं, की उष्ट्या पानांच्या मातीतली फुलं देवाला कशी चालतात. सुंदरराव म्हणाले, कावेरीत काय काय वाहतं, तरी आपण तिला तीर्थच म्हणतो ना.

एवढं सुख झालं की पंकजाबाईंना धडकी भरायची. झोप तर अजूनही येत नव्हती. हे सगळं कुणाच्यातरी डोळ्यावर येईल, मग खड्डा जाईल, आणि खड्डा गेला की सुंदरराव पुन्हा ओसरीवर जाऊन बसतील. ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगितलेली भीती खरी होते, असं त्यांचं मत होतं.

मग छप्पन्न सालची महामखमची पर्वणी आली. बारा वर्षांनी येणारी, लाखो माणसं तळ्यावर स्नानाला लोटणारी. पर्वणीच्या आधी गावात दवंडी पिटली गेली. पटकीची साथ येऊ नये म्हणून नगरपालिका घरोघर बघणार, उघडे आणि घाण वास येणारे खड्डे बुजवून वर चुना टाकणार. सुंदररावांना काळजी वाटली नाही. ते म्हणाले, आपल्या खड्ड्याला वास कुठे आहे? नाक खुपसून बघा म्हणावं. त्याच दिवशी अलमेलु वांगी न्यायला आली, आणि त्या भाबड्या बाईने गालावर बोट ठेवून म्हटलं की आख्ख्या कुंभकोणात असं परस नसेल. त्या संध्याकाळी पंकजाबाईंनी पहिली मूठ टाकली.

त्या रात्री त्यांना झोप लागली. चांगली, सकाळपर्यंत. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ टाकली, तिसऱ्या दिवशीही.

मिठाचं नाव सुंदररावांनी कधी काढलं नव्हतं. काढायचं कशाला? केरात मीठ कोण टाकतं? मीठ सांडणं पाप, हे तर पोरंही जाणतात. त्यामुळे काही दिवसांनी सकाळी गांडुळं खड्ड्याच्या काठावर आली, भर उजेडात, आखडलेली आणि निस्तेज, तेव्हा पंकजाबाईंना एवढंच कळलं की दृष्ट मोठी आहे. घराच्या कौलांवर कावळे जमले. श्राद्धाच्या दिवशी बोलावूनही न येणारे कावळे न बोलावता ओळीने बसले होते. त्या संध्याकाळी त्यांनी दोन मुठी टाकल्या.

मग वास सुटला. आधी थोडा, आंबट. मग घरात यायला लागला. पानं कुजेनात, नुसती चिकट काळी होऊन पडून राहिली. सुंदरराव पहाटेच उठून खड्ड्यात उतरत, वरचे थर उपसत, पाणी ओतत. त्यांचं बोलणं कमी झालं. जेवताना पंकजाबाईंनी भाजी वाढू का विचारलं, आणि ते 'हं' म्हणाले.

तो एक हुंकार पंकजाबाईंच्या काळजातून आरपार गेला. त्या स्वयंपाकघरात जाऊन मिठाच्या रांजणाशी उभ्या राहिल्या. आत हात घातला तर बोटं तळाला लागली. इतकं मीठ गेलं कुठे, असं मनात आलं. रांजणाला बाहेरून मिठाचे पापुद्रे सुटले होते, आणि त्याच्या बुडाशी दाराच्या फटीतून आलेलं एक गांडूळ वाळून पडलं होतं. मग पंकजाबाईंना सगळं कळलं: गांडुळं दृष्टीने नाही, मिठाने मरत होती.

सांगायचं कसं? सांगितलं तर नवरा तोंड फिरवील. नाही सांगितलं तर तो शोधत शोधत झिजेल. दोन्हीकडून तो ओसरीवरच जाणार होता. त्या संध्याकाळी त्यांनी मूठ टाकली नाही आणि रात्रभर डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला. तरुण, सभ्य माणूस, खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावून उभा राहिला. आळीतली माणसं कुंपणापाशी जमली होती. गेल्या वर्षी मी इथून जात होतो तेव्हा असा वास नव्हता, असं तो स्वतःच तमिळमध्ये म्हणाला आणि काय झालं ते विचारलं. पंकजाबाईंनी पदर तोंडात धरला. सुंदरराव शांतपणे म्हणाले की चूक माझी झाली, नको ते खड्ड्यात पडलं. इन्स्पेक्टरने मान हलवली. खड्डा उद्याच्या उद्या बुजवावा लागेल म्हणाला. चुना मात्र लगेच टाकत नाही, जिवंत असतील ती गांडुळं काढून घ्या, एवढी सवलत त्याने दिली. लोक पांगले.

सुंदरराव खड्ड्याच्या कडेला, केळीच्या मुळांशी बसून माती चाळू लागले. तिथे मीठ पोचलं नव्हतं. एकेक जिवंत गांडूळ ते करवंटीत ठेवत होते. पंकजाबाई मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐकलंत कां. मी टाकलं मीठ. दृष्ट काढून. रोज."

सुंदररावांचा हात थांबला नाही.

"ठाऊक अस्से मज."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. मिरच्या वरच पडून होत्या. पहाटे येऊन खडे वेचीत होतों. पण विरून गेलेलं कसं वेचणार?"

"मग मज एक शब्द बोललां कां नाहींत?"

तेव्हा त्यांनी करवंटी खाली ठेवली.

"तुफानापासून तू रात्रीं निजली नव्हतीस. मी बघत होतों ना, मीही जागाच होतों. मीठ टाकूं लागलीस, आणि निजूं लागलीस. मी तुज काय म्हणून उठवूं?"

इतकी वर्षं आपणच याचा श्वास मोजत पडतो, असं पंकजाबाईंना वाटत होतं. अंधारात हा माणूसही आपला श्वास ऐकत होता, आणि मधल्या मध्ये बिचारी गांडुळं मेली. त्या नवऱ्याच्या शेजारी मातीत बसल्या. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत माती चाळली.

सकाळी आळीतली माणसं टोपल्या घेऊन आली. रात्रीतून कुणीतरी नदीकाठची माती गाडीभर आणून टाकली होती. अलमेलुने गांडुळांची एक करवंटी आपल्या परसासाठी मागून नेली, आणखी दोघा-तिघांनी नेल्या. उरलेल्या करवंट्या केळीच्या बुडाशी रिकाम्या झाल्या. मग खड्डा भरू लागला. माती पडल्याचा धप् धप् आवाज घरात येत होता. पंकजाबाई दाराच्या चौकटीपर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या.

व्यंकटेशलाही त्यांनी चौकटीपर्यंतच पोचवलं होतं. पुढे कावेरीकाठच्या स्मशानात पुरुष घेऊन गेले, बायका जात नाहीत. त्या तिथे उभ्या राहून आळीचं वळण बघत होत्या, आणि मग सगळ्यांनी त्यांना धरून आत नेलं होतं.

शेवटची टोपली राहिली तेव्हा सुंदररावांनी खोरं बाजूला टेकवलं आणि माणसांना थांबायची खूण केली. ते दाराशी आले, पंकजाबाईंच्या हाताला धरलं, आणि त्यांना खड्ड्यापाशी घेऊन गेले. ती टोपली त्यांच्यासमोर ठेवली. हे गप्प बसणं पुन्हा ओसरीवरचंच तर नाही ना, असं पंकजाबाईंना वाटलं. त्यांनी ओंजळ भरून माती टाकली. मग दुसरी ओंजळ. आळीतली माणसं एकेक करून मागे सरकली. कुणी हात जोडले, कुणी उपरणं खांद्यावरून काढून हातात धरलं.

टोपली संपली तशी जमीन सपाट झाली. पंकजाबाई हात तसेच मातीत ठेवून बसून राहिल्या. सुंदरराव त्यांच्याजवळ उकिडवे बसले.

"अजून थोडं दाब," ते म्हणाले. "पाणी पडलं की खचतं."

पंकजाबाई दोन्ही तळव्यांनी माती दाबू लागल्या.