कात्री कुणाच्या हातात

इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या कारखान्यात कथबर्ट बावीस वर्षं काचेचे शोभेचे हंस साच्यात दाबून घडवत होता. भट्टीच्या झळांनी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण हे फक्त त्याच्या मेहुण्याला, निकोलला ठाऊक होतं. गेलं वर्षभर निकोल सळईवरून वितळलेली काच साच्यात सोडायचा आणि पुरेशी झाली की खोकायचा. त्यासरशी कथबर्ट कात्रीनं धार तोडायचा.

आज मुकादम हेडली खांद्याशीच येऊन उभा राहिला.

"निकोल, खोकला बरा मुहूर्त साधून येतो रे तुला!" तो म्हणाला. "आता तोंड मिटून काच सोड बघू."

लालभडक धार कथबर्टला नुसत्या धुरकट डागासारखी दिसत होती. साचा जास्त भरला, तर साच्याचा दांडा दाबताच तापलेली काच निकोलच्या अंगावर उसळणार होती. कथबर्टनं कात्री खाली ठेवली.

"मला दिसत नाही, साहेब."

हेडली निकोलकडे वळला. "मग निकोल, तू उचल ती."

"दाजी, मला नाही जमायचं."

"जमेल रे," कथबर्ट म्हणाला. "वर्षभर खोकून तूच तर कापतोयस."

निकोलचे पहिले दोन हंस मोडीत गेले. तिसरा धड निघाला, तेव्हा कथबर्टनं हंसाची मान नीट वळली आहे का, ते निकोलला विचारलं.